साडेतीन ताऱ्यांचं भूत

"अगो, तुझ्या लेकीने पाठवलेलं ते परीक्षण वाचलं मी. म्हणे हा नुसता भयपट नाही! नुसता म्हणजे काय? उद्या माझी आमटी खाऊन म्हणतील, ही नुसती आमटी नव्हे, हे तुरीच्या डाळीने केलेलं समाजचिंतन आहे."

काकू गडग्याच्या त्या बाजूला, मी या बाजूला. आमच्या दोन घरांमधला हा जांभ्या दगडांचा गडगा कमरेइतका आहे आणि हद्द दाखवण्यापेक्षा काकूंना कोपर टेकायला जास्त उपयोगी पडतो. काकूंनी हायस्कुलात जन्मभर मराठी शिकवलं. निवृत्त झाल्या, तरी छापील कागदावरून त्यांची नजर अजून लाल शाईनेच फिरते. माझी मुलगी पुण्यात भुतांचे सिनेमे बघते आणि त्यांच्यावर कोण काय म्हणालं ते मला पाठवते. मी ते काकूंना देते. सिनेमापेक्षा त्यांना परीक्षण वाचण्यातच गोडी जास्त, कारण त्यात चुका सापडतात.

"कुठल्या सिनेमाचं म्हणताय?"

"'तुंबाड'चं. दुसऱ्यांदा लागला होता तेव्हाचं."

'तुंबाड' म्हणजे आमच्या घरचं कार्य. गाव आमच्याच खेड तालुक्यातलं, जगबुडीच्या काठचं. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'ची काकूंनी पारायणं केलेली. सिनेमाने त्या कादंबरीचं फक्त नाव घेतलं, गोष्ट घेतली नाही, याचा राग त्यांना २०१८ पासून आहे. त्यात राही अनिल बर्वे या दिग्दर्शकाने गोष्टीचं मूळ नारायण धारपांकडे असल्याचं सांगितलं. १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने त्याला धारपांची कथा ऐकवली आणि पोराची झोप उडाली. कथेचं नाव 'आजी'. ती कथाही स्टीफन किंगच्या 'ग्रामा'वरून बेतलेली. म्हणजे अमेरिकेतली आजी पुण्यात आली, नागझिऱ्याला गेली आणि तिथून आमच्या तालुक्यात येऊन वाड्यात बसली.

"आणि वाडा कुठला, तर सासवडचा!" काकूंनी गडग्यावर हात आपटला. "एका समीक्षकाला तरी दिसावं? कोकणात असा वाडा असतो कधी? आमच्याकडे ओटी, पडवी, माजघर, वर कौलं. तो वाडा सरळ घाटावरचा आहे. बुरुजासारख्या भिंती! आणि लिहितात काय, तर कोकणातलं गूढ वातावरण. गूढ कसलं त्यात? आपण राहतो इथे. पावसाळ्यात चार दिवस वीज नसते, तेवढंच काय ते गूढ."

"पण पाऊस खरा आहे हो काकू. पावसाळ्यांमागून पावसाळे थांबून त्यांनी शूटिंग केलं."

"पाऊस खरा आहे," त्या लगेच कबूल झाल्या. "तो पाऊस बघून मला माळ्यावरची गळती आठवली."

मी म्हटलं, समीक्षकांना एवढं बोलू नका. 'तुंबाड'ला त्यांनी नावं ठेवलीच नाहीत. व्हेनिसच्या महोत्सवात 'क्रिटिक्स वीक' हा विभागच या सिनेमाने सुरू झाला, भारतीय सिनेमाला तो मान पहिल्यांदा मिळाला. इकडेही १२ ऑक्टोबर २०१८ ला सिनेमा लागला तेव्हा बहुतेकांनी भरभरून लिहिलं होतं. पंकज कुमारच्या कॅमेऱ्याला पुढे फिल्मफेअर मिळालं. आली नाहीत ती माणसं. पहिल्या दिवशीचा गल्ला पासष्ट लाखांच्या आसपास. आदल्या आठवड्यात 'अंधाधुन' लागलेला, पुढच्या आठवड्यात 'बधाई हो' आला, त्यांच्या मध्ये हा बिचारा चेंगरला. आणि १३ सप्टेंबर २०२४ ला तोच सिनेमा परत लावला, तर पहिल्या खेपेला मिळून जेवढं कमावलं त्याच्या दुपटीहून जास्त दुसऱ्या खेपेला आलं.

"मग त्याचं कारण काय सांगतात तुझे समीक्षक?"

"लोकांची अभिरुची सुधारली म्हणतात."

"सहा वर्षांत?" शाळेत एक पिढी घडवायला किती वर्षं लागतात ते काकूंना माहीत आहे, त्यामुळे त्या पुढे काही बोलल्या नाहीत, नुसतं नाक उडवलं. मग म्हणाल्या, "मी सांगते. पहिल्या वेळी सगळ्यांनी लिहिलं की हे लोभाचं रूपक आहे. रूपक म्हटल्यावर कोण जाईल तिकीट काढून? मी सुद्धा नसते गेले, आणि मी रूपक शिकवलंय. मधल्या काळात पोरांनी घरी फोनवर बघितला आणि एकमेकांना सांगितलं की बाबा रे, ती विहिरीतली जागा बघ, फाटते. म्हणून दुसऱ्यांदा गेले."

मला हे सगळं पटलं नाही. सिनेमा घरोघरी पोचला, जुने सिनेमे परत लावायची टूम निघाली, तेही कारण आहेच. पण काकूंचा मुद्दा मनातून गेला नाही. त्यांचं म्हणणं असं की, समीक्षकाला भुताच्या सिनेमात भ्यायची लाज वाटते. शिकलेला माणूस, चार पुस्तकं वाचलेला, अंधारात बसून किंचाळला हे कसं लिहिणार? म्हणून तो लिहितो, हा सिनेमा भुताचा नाहीच, हा दुःखाचा आहे, पुरुषप्रधान व्यवस्थेचा आहे, भांडवलशाहीचा आहे. भीतीला शून्य गुण आणि अर्थाला साडेतीन तारे.

"अर्थ सांगितला तर बिघडलं काय?" मी विचारलं.

"काही नाही बिघडलं. पण आधी सांग, भ्यालास की नाही. कुठे भ्यालास? एकदम आवाज झाला म्हणून, की काहीच झालं नाही म्हणून? ते सांगता येणं ही समीक्षा. आता त्या 'तुंबाड'मध्ये बघ. भूक लागलेला देव, आणि त्याच्यासमोर टाकायची कणकेची बाहुली. तो बाहुली खाईल तेवढ्या वेळात त्याच्या कमरेच्या सोन्याला हात घालायचा. सभोवती पिठाचं रिंगण. अगो, कणीक! रोज सकाळी मी मळते ती! दुसऱ्या दिवशी पोळ्या करताना माझा हात थांबला. हे कुठल्या परीक्षणात आहे का?"

नव्हतं. मी लेकीने पाठवलेली सगळी परत चाळली. कॅमेरा होता, रंगसंगती होती, गांधीजी होते, वसाहतवादही होता. कणीक कुठेच नव्हती.

"तिन्हीसांज झाली, नको ती नावं काढू नका," ओटीवरून काकूंच्या घरच्या अप्पांचा आवाज आला. काकूंनी फक्त आवाज खाली आणला, विषय सोडला नाही.

"या लोकांना वाटतं, भुतात अर्थ घालायचा शोध यांनीच लावला. अगो, मुंज्या कोण होतो? मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत गेला तो पोर. हडळ कोण? बाळंतपणात गेलेली. समंध कोण? पैशात जीव अडकवून, मागे कोणी नसताना मेलेला. गिऱ्हा कोण? पाण्यात बुडालेला, ज्याला कोणी वाचवायला गेलं नाही. जिवंतपणी ज्याला मिळालं नाही, तो तो येऊन बसला झाडावर, नाहीतर नदीच्या उतारावर. माझ्या आजीला हे रूपक म्हणून कोणी शिकवलं नव्हतं. ती हे सांगायची आणि मी रात्री मागीलदारी जायची नाही. दोन्ही एकाच गोष्टीने व्हायचं."

यावर मी गप्प बसले. मला 'मुंज्या' आठवत होता. आदित्य सरपोतदारचा, जून २०२४ मधला. तोही आमच्याकडचाच, कोकणातला. १९५२ सालचा पोर, वयाने मोठ्या मुलीवर जीव जडलेला, घरच्यांनी घाईने मुंज लावली, नको ते करायला गेला आणि मेला. पुढे पुण्यातल्या एका भिडस्त मुलाच्या मानगुटीवर बसतो आणि लग्न लावून द्या म्हणून हट्ट धरतो. मोठा नट नाही, तरी शंभर कोटींच्या वर गेला. बऱ्याच परीक्षणांचा सूर एकच होता: कोकण छान, नायिका शर्वरी छान, पण सिनेमाला हसवायचंय की घाबरवायचंय ते ठरवता येत नाही.

"हे तर मला कळतच नाही," काकू म्हणाल्या. "ठरवायचं कशाला? 'झपाटलेला' लागला तेव्हा माझ्या वर्गातली पोरं तात्या विंचूची नक्कल करून हसायची, आणि घरी जाऊन बाहुली कपाटात कोंडायची. 'एक डाव भुताचा' बघून कोणी म्हणालं का की हे भूत आहे की विनोद? भूत म्हटलं की थोडं हसू येतंच. आपण कुणाची तरी जिरलेली बघत असतो. फक्त ती आपली जिरली तर, ही भीती असते."

मी मात्र इथे समीक्षकांच्या बाजूने उभी राहिले. कारण 'मुंज्या'त काही ठिकाणी खरंच तोल जातो. पहिला अर्धा तास, ते जुनं घर, ती पाण्यापलीकडची झाडं, हे अंगावर येतं. नंतर तो संगणकाने केलेला मुंज्या इतका वेळ समोर नाचतो की त्याची सवय होते, आणि सवय झालेलं भूत पाहुण्यासारखं वाटायला लागतं, कधी जाणार म्हणून. 'स्त्री २' चं तसंच. १५ ऑगस्ट २०२४ ला आला, त्या वर्षी हिंदीत बनलेल्या सिनेमांत सगळ्यात जास्त कमावलं, लोक शिट्ट्या मारत होते. पण त्या मुंडकं नसलेल्या सरकट्याची भीती कुणाला वाटली? समीक्षकांनी ते लिहिलं तर त्यात त्यांचं चुकलं काय? पुढे सरपोतदारनेच २०२५ च्या दिवाळीत 'थामा' आणला, रक्तपिपासूंचा. त्याला परीक्षकांनी हात राखूनच तारे दिले.

"बरं, दिले तर दिले," काकू म्हणाल्या. हरल्या की त्या असंच म्हणतात.

मग मीच त्यांना एक चुगली पुरवली, कारण समोरचा गप्प झाला की गप्पांची मजा जाते. हिचकॉकने १९६० साली 'सायको' काढला तेव्हा समीक्षकांना आधीचा खास खेळ दाखवलाच नाही. लोकांबरोबर थेटरात बसून बघा म्हणाला, आणि खेळ सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही असा दंडक घातला. समीक्षक फुगले. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या बॉस्ली क्राउदर यांनी नाक मुरडून लिहिलं. लोकांच्या रांगा लागल्या. वर्ष संपताना त्याच क्राउदर यांनी वर्षातल्या उत्तम दहा सिनेमांत 'सायको' घातला.

"अगोबाई! तोच माणूस?"

"तोच. आणि त्याच वर्षी इंग्लंडात मायकेल पॉवेल या नावाजलेल्या दिग्दर्शकाचा 'पीपिंग टॉम' आला, बायकांना मारताना त्यांचं चित्रण करणाऱ्या माणसाचा. तिकडच्या समीक्षकांनी त्याला असा धोपटला की त्याची तिथली कारकीर्दच जवळजवळ संपली. नंतर सगळे म्हणायला लागले, थोर सिनेमा."

"माणसाचं दुकान बंद करून मग थोर म्हणायचं!"

"कुब्रिकच्या 'द शायनिंग'चं ऐका. वर्षातल्या सगळ्यात वाईट कामांना रॅझी नावाची बक्षिसं देतात अमेरिकेत. ती सुरू झाली त्याच वर्षी कुब्रिकला वाईट दिग्दर्शक आणि शेली डुव्हालला वाईट नटी म्हणून नामांकन. डुव्हालचं नामांकन २०२२ मध्ये त्यांनी मागे घेतलं."

"एक्केचाळीस वर्षांनी?" काकूंचा हिशेब तोंडी आणि अचूक. "कुब्रिकचं घेतलं का मागे?"

"नाही."

"मग त्यांना अजून तो वाईटच वाटत असेल," असं म्हणून त्या मनापासून हसल्या.

आमच्याकडे धारपांचं तरी काय वेगळं झालं? शंभराच्या घरात पुस्तकं लिहिली, वाचनालयात त्यांची पुस्तकं हातात पडायची ती पानं सुटलेली, कव्हर नसलेली, कारण नंबर लावून वाचली जायची. मराठी समीक्षेच्या जाड ग्रंथांत ते कुठे सापडतात ते शोधून दाखवा. काकू आमच्या वाचनालयाच्या कमिटीवर होत्या. त्या सांगतात, धारप मागायला येणारे लोक सोबत एक कादंबरी चांगल्या लेखकाचीही घ्यायचे, वर दिसायला.

"आणि तुम्ही?"

"मी दोन्ही घरी न्यायची. आधी वाचायची ते सांगत नाही."

विषय 'लपाछपी'वर आला तेव्हा काळोख पडायला लागला होता. विशाल फुरियाचा २०१७ चा मराठी सिनेमा. गरोदर पूजा सावंत, कर्जात बुडालेला नवरा, सगळीकडे ऊस, आणि उषा नाईकांची ती तुळसाबाई, सारखं खाऊपिऊ घालणारी, काळजी घेणारी. मला विचाराल तर गेल्या दहा वर्षांतला मराठीतला सगळ्यात नेटका भयपट हाच. बहुतेक भीती भर उन्हात आहे. उसात शिरलं की चारी बाजू सारख्या दिसतात, हे ज्याने ऊस पाहिलाय त्याला सांगायला नको. स्त्रीभ्रूणहत्येचा विषय त्यात आहे, पण तो शेवटी फलक लावल्यासारखा येत नाही, पहिल्यापासून घरात वावरतो. फुरियानेच २०२१ मध्ये हिंदीत तो 'छोरी' म्हणून केला, तेव्हा देशभरच्या समीक्षकांना तो एकदम महत्त्वाचा वाटला. २०२५ मध्ये 'छोरी २' आला तेव्हा त्यांतलेच बरेच जण म्हणाले, संदेश फार झाला, भीती पातळ झाली. म्हणजे काकूंचं म्हणणं एकदाचं त्यांनीही मान्य केलं. मी हे काकूंना सांगितलं नाही. आठवडाभर ऐकावं लागलं असतं.

पण त्यांचं लक्ष दुसरीकडेच गेलं होतं.

"मला एक सांग. धारपांची ती आजी. 'तुंबाड'मध्ये साखळीने बांधलेली म्हातारी. 'लपाछपी'त तुळसाबाई. सगळीकडे म्हातारी बाईच का गो? साठी उलटलेली बाई कोपऱ्यात दिसली की यांना भीती वाटते?"

मी जरा चपापले. "'हेरेडिटरी' म्हणून एक अमेरिकन सिनेमा आहे, २०१८ चाच, त्यातही सगळं आजीच्या अंत्यविधीपासून सुरू होतं."

"बघ!"

"त्याला समीक्षकांनी डोक्यावर घेतलं. पण तिकडे पहिल्या दिवशी सिनेमा बघून बाहेर पडणाऱ्यांना शेरा विचारतात, तर लोकांनी दिला डी प्लस."

"लोकांनी आजीच्या बाजूने मत दिलं असेल." मी म्हटलं, तसं नाही, त्यांना दचकायचं होतं आणि त्या सिनेमाने त्यांना दोन तास एका घरातलं दुःख दाखवलं. पण काकू ऐकायच्या मनःस्थितीत नव्हत्या. "एका तरी समीक्षकाने लिहिलंय का की बाबांनो, म्हातारीला सोडा?"

त्यांना बरं वाटावं म्हणून मी 'द सबस्टन्स' सांगितला. कोराली फार्झा या दिग्दर्शिकेचा, २०२४ चा. पन्नाशीची नटी, वय झालं म्हणून काम गेलेली, औषध टोचून स्वतःतून तरुण बाई काढते. रक्तमांसाचा चिखल आहे सगळा, तो काही मी काकूंना दाखवणार नाही. पण त्यात एक जागा आहे. डेमी मूर कुणाला तरी भेटायला जायला निघते, आरशात बघते, लिपस्टिक पुसते, परत लावते, परत पुसते, शेवटी चेहरा खरवडल्यासारखा घासते आणि जातच नाही. बहुतेकांनी लिहिलं की सगळ्या सिनेमात भयंकर हीच जागा. त्या कामाला तिला गोल्डन ग्लोब मिळालं. एवढ्या वर्षांच्या कारकिर्दीत अभिनयाचं पहिलं मोठं बक्षीस.

"हे लिहिलं ना त्यांनी? मग कळतं की लिहायला," काकू म्हणाल्या. जरा निवळल्या. "आणि खरोखरची म्हातारी, तिला कोणी बक्षीस देतं का?"

"'वेपन्स' म्हणून आलाय, २०२५ मधला. ॲमी मॅडिगन नावाची नटी आहे, पंचाहत्तरीला टेकलेली. भडक लिपस्टिक, लाल केसांचा टोप, मोठा चष्मा. ग्लॅडिसमावशी म्हणतात तिला. झाडून सगळ्या समीक्षकांनी तिचं कौतुक केलंय."

"काय करते?"

सांगावं की नाही असं मला झालं, कारण सिनेमाची सगळी गंमत ते न कळण्यात आहे. पण गडग्यावर गोष्ट अर्धी ठेवायची पद्धत नाही. "एका वर्गातली मुलं रात्री सव्वादोन वाजून गेल्यावर अंथरुणातून उठतात आणि अंधारात पळत सुटतात. सतरा मुलं. ही बाई त्यांना चेटूक करून बोलावते आणि तळघरात ठेवते."

"ठेवते म्हणजे? मारते?"

"नाही. नुसती असतात तिथे. हूं नाही की चूं नाही."

काकूंनी गडग्यावरचं कोपर काढलं, चष्मा पुसला आणि परत लावला. "सतरा पोरं. तिसरी-चौथीतली असतील?"

"तिसरीतली."

"आणि एकट्या बाईने गप्प बसवली?" त्यांच्या आवाजात आता पुरता आदर होता. "आणि हे लोक तिच्या लिपस्टिकबद्दल लिहितात? कुठे लागलाय हा सिनेमा?"